त्याच्या हातची एक ओळ

२० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, म्हणजे नक्की दुखतोय. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला, पण सवयीने खाकरतात. मला पाणी मंडळाची चिटणीस केलं आहे. हसू नकोस. नाव सुचवलं तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. ज्यांना आपल्यावर काम यायची भीती होती त्यांचे दोन्ही.

आता कामाचं. यंदा डोंगरावर गवत कमरेएवढं वाढून वाळलं आहे. माथ्यावरून जाळरेषा काढायची आहे. म्हणजे गवत कापून, पाचोळा ओढून, माती उघडी पडेपर्यंत साफ केलेली रुंद पट्टी. पलीकडून वणवा आला तर तिथे खायला काही नसल्यामुळे थांबतो. पट्टीखाली झरा, झऱ्याखाली टाकी, टाकीखाली आपण सगळे. आपल्या जमिनीतला तुकडा ज्याने त्याने साफ करायचा, दुसऱ्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय विळा घालायचा नाही, हा जुना नियम तुला माहीतच आहे. पट्टीच्या नावाखाली एकाने शेजाऱ्याची झाडं नेली होती. ती दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तू शहरात असतेस, म्हणून तुझा तुकडा आम्ही साफ करू. फक्त तुझी लेखी परवानगी आणि फाटकाची किल्ली हवी. काकांनी लावलेल्या झाडांपैकी काही जातील, ते आधीच सांगते. मी तारेबाहेरून पाहिलं. आत पाचोळा घोट्याच्या वर साचला आहे.

लोभ आहेच, त्याला गुडघ्यासारखं दुर्लक्षू नये.

तुझी,
मोजपट्टी

२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

चिटणीस झालीस, पेढीवरच बसलीस म्हण की! पाटीवरची रेघ वाकडी गेली तर सबंध पाटी पुसून रडत बसायचीस, ती तू. शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तुला अक्षर ओळख करून दिली ती मी, हे मंडळाला सांगितलंस ना? गुडघा दुखतो. दुखायचंच त्याचं वय आहे.

परवानगी देईन, पण तुला नाही. माझ्या भावाने मागावी. स्वतःच्या हाताने, एक ओळ.

हे गेले तेव्हा सगळ्यांची पत्रं आली. ज्या दुकानातून हे चपला घ्यायचे, त्या दुकानदाराचंसुद्धा आलं. आमच्या लाटसाहेबांचंही आलं, पण तुझ्या अक्षरात. खालचं ‘तुझा भाऊ’सुद्धा तूच लिहिलेलं. अगं, त्याचं अक्षर मी वळवलं आहे, त्याचा हात हातात धरून. त्याच्या ‘क’ची शेपटी नेहमी ओळीबाहेर जायची. ती मला एकदा बघायची आहे. तोवर माझ्या रानातली काडी हलता कामा नये.

आशीर्वाद पुरवून वापर.

तुझी,
आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते नळाची चकती बदलत होते. चकती बसवून पुरी केली. मग म्हणाले की सख्ख्या बहिणीकडे अर्ज करायची वेळ माझ्यावर आलेली नाही, आणि पाणी काय मी एकटा पितो? मी पुन्हा विषय काढला तर पाना शोधायला बाहेर गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

परवा मंडळाची सभा झाली. सुतार म्हणाला की कुलूप तोडू, एका संध्याकाळचं काम आहे, आत्याबाई काय झाडं मोजायला येणार आहेत? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून उभी राहिले. म्हटलं, परवानगीशिवाय गवताला हात लागणार नाही. आज तिचं, उद्या आणखी कुणाचं. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे तूच मला शिकवलंस. सुतार मला ‘कायद्याची आजी’ म्हणाला, पण ऐकलं सगळ्यांनी.

तुझा तुकडा सोडून पट्टी पूर्ण झाली आहे. खालून बघितलं की समोरचा दात पडल्यासारखी दिसते. वारा रोज वाढतो आहे. मला झोप लागत नाही. तू मोठी आहेस, तूच एक पाऊल पुढे ये ना.

लोभ कर, आणि लवकर कर.

तुझी,
मोजपट्टी

२७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

सभेत उभी राहिलीस ते वाचून ऊर भरून आला. शेजारणीला वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, ही माझ्या हाताखालची. अशीच राहा. सुताराला सांग, आत्याबाईंना झाडं मोजायची गरज नाही, तोंडपाठ आहेत.

तुझ्या बापाला पाना शोधू दे. मी कुठे जात नाही. लहानपणीही तो असाच; रुसला की माळ्यावर जाऊन बसायचा आणि मी शिडी काढून घ्यायची. मग भूक लागली की हाक यायची, अक्का! यंदाही येईल. किल्ली माझ्या पेटीत आहे आणि पेटी माझ्या खाटेखाली.

आणि वणव्याचा बागुलबुवा मला दाखवू नकोस. ह्यांची झाडं इतकी वर्षं उभी आहेत. त्यांना काही होत नाही.

वाट पाहणारी,
आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वणवा आला. पलीकडच्या उतारावरून आला आणि पट्टीशी पोचला तिथे तिथे अक्षरशः बसला. सुताराच्या तुकड्याशी, शाळेतल्या बाईंच्या तुकड्याशी, आमच्याही. माणसं ओल्या फांद्या घेऊन उभी होती, त्यांना झोडपायलाही फार लागलं नाही. तुझ्या रानातून मात्र तो सरळ आत आला. तुझं एकही झाड राहिलं नाही. काळी खोडं उभी आहेत. झऱ्यावरचा सगळा उतार जळाला. घरं वाचली.

बाबांबद्दल तुला काही लिहायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पण सरळ विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

आता घाई आहे. उतार उघडा पडला आहे. एक जोराची सर आली तरी राख आणि माती झऱ्यात उतरेल. जळकी खोडं पाडून उतारावर आडवी टाकली तर गाळ अडेल, आणि खोडं आहेत ती सगळी तुझी. माझं आता कुणी ऐकत नाही. सुतार माझ्याकडे बघतही नाही. मंडळी करवती घेऊन थेट तुझ्या रानाशी गेली होती. बाबा फाटकात आडवे उभे राहिले. म्हणाले, हे माझ्या बहिणीचं आहे, तिला विचारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. त्यांची अवस्था बघून कुणी पुढे गेलं नाही.

पुढची ओळ बाबांनी सांगितली, मी लिहिली: “अक्का, जळकी झाडं दे. मी मागतो.”

उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
मोजपट्टी

३ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून चूल पेटवलेली नाही. ज्वाळा बघवत नाही. ह्यांनी खांद्यावरून पाणी नेऊन ती झाडं जगवली होती. एक पान कुणी पाठवलं नाही मला. पाठवली ती मागणी.

वाचता वाचता वाटलं, आला, शेवटी आला. आणि मग बघते तर अक्षर तुझं. पुन्हा तुझं! माझा नवरा गेला तेव्हा लेकीच्या हातून, माझी झाडं गेली तेव्हाही लेकीच्या हातून. फाटकात उभं राहून गावाला माझी मालकी सांगायला याला येतं, मला सांगायला येत नाही. एक ओळ लिहायला त्याचे हात झडले आहेत का? विचार त्याला. मलाही कळव.

त्याच्या हातची ओळ येईपर्यंत माझं जळकं लाकूडही तिथून हलणार नाही. झाडं जिवंत होती तेव्हा तुम्हाला अडचण, मेली तेव्हा गरज.

आत्या

१९ एप्रिल

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सरळ प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणं आलं.

वणवा तुमच्या रानात शिरला तेव्हा बाबा तारेवरून उडी मारून एकटेच आत गेले. काकांची झाडं वाचवायची म्हणाले. वारा फिरला, तारेकडची वाट आगीने अडली. बाहेर यायला फाटकाकडे धावले. फाटकाला तुमचं कुलूप होतं. तापलेलं लोखंड त्यांनी दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि सुताराने कुऱ्हाडीने कडी तोडेपर्यंत सोडलं नाही. उजव्या हाताची बोटं डॉक्टरांना ठेवता आली नाहीत. डाव्या हाताची आहेत, पण मिटत नाहीत.

तुमचं पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. मी दोन वाक्यं गाळणार होते, ते त्यांनी ओळखलं. मग पेन्सिल मागितली आणि बँडेजच्या पट्टीने मनगटाला बांधायला सांगितली. कागद मी धरला. हात धरू का विचारलं तर नको म्हणाले. म्हणाले, तिला कळेल. दुपारभर बसले होते. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. ओळ पुरी झाली तेव्हा पोस्टमन टपालाची पेटी रिकामी करून गेला होता. त्याच रात्री पाऊस झाला.

सकाळी झऱ्याच्या जागी राखेचा चिखल होता. उपसून उपसून माणसं थकली. पाणी कुठून फुटत होतं तेही आता सापडत नाही. टाकीत गाळ बसला आहे. टँकर येतो, कधी येत नाही. सुताराने घर विकायला काढलं आहे, पण पाणी नसलेलं घर घेतो कोण? बाबा रांगेत उभे राहतात, बादली कोपरात अडकवून. लोक त्यांना पुढे जाऊ देतात. मला देत नाहीत.

सभेत मी गप्प बसले असते तर पट्टी एका संध्याकाळी पुरी झाली असती. मी गप्प बसले नाही. तुम्ही शिकवलंत ते मी गिरवलं, आणि तुम्ही शेजारणीला वाचून दाखवलंत.

तुमची परवानगी आता कशालाच नको आहे. खोडं तुमची, जशी होती तशीच उभी आहेत. कुणी हात लावलेला नाही.

तुम्ही मागितलेली ओळ सोबत ठेवली आहे. “अक्का, दे” एवढीच आहे. अक्षर ओळखू येतं का, ते सवडीने कळवावं. ‘क’ची शेपटी बाहेर गेली आहे.

लोभाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या भावाची मुलगी