हाकाऱ्याचा आवाज

तेर, जि. धाराशिव
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रणदादा,

नमस्कार. तुझा मेसेज मिळाला, गेमचा कोडही मिळाला. 'खेळून बघ शिवा, चांगलं-वाईट दोन्ही मोकळेपणानं सांग,' असं तू लिहिलं होतंस. फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून कागदावर लिहिते.

आईचे गुडघे थंडीत धरतात, बाकी ती बरी आहे. धाराशिवच्या कॉम्प्युटर क्लासमधली माझी नोकरी चालू आहे. सकाळच्या एसटीनं जाते, दिवेलागणीला परत येते. शेळीला दोन करडं झाली. मेंढ्या विकल्या, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल.

आता तुमचा गेम, 'काळखिंड'. आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

गेम अवघड आहे, पण अन्याय करत नाही. मेले की दर वेळी कळायचं की चूक माझीच होती. घाई केली, दम संपलेला असताना तलवार उचलली, नाहीतर समोरच्याचा वार नीट बघितला नाही. तलवारीला वजन आहे. नकाशा दिला नाहीस तेही बरं केलंस, वाट आपली आपण शोधावी लागते. बुडालेल्या गावातलं शेवटचं दार उघडलं आणि मी थेट सुरुवातीच्या बारवेवर आले, तेव्हा आनंदानं एकटीच ओरडले. आणि जमीन आपली आहे. काळा खडक, बाभळी, ते विटांचं देऊळ. पुण्यात बसून तू हे विसरला नाहीस.

वाईट म्हणजे कॅमेरा. पाठ भिंतीला लागली की तो भिंतीत घुसतो आणि मारणारा दिसतच नाही. ते मरण माझं नव्हे, तुमचं. तिसऱ्या खिंडीनंतर तुमचाच दम संपलेला दिसतो. तोच दोन तोंडांचा तरस, नुसता रंग बदलून परत परत येतो. मराठी अक्षरं इतकी बारीक, की डोळे लॅपटॉपला चिकटवावे लागतात. आणि मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करायचं, ते दिवे फार लांब लांब ठेवलेत. मेलं की सगळी घळ पुन्हा तुडवत यायचं.

हाकाऱ्याबद्दल मी अजून काही लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. बाकी सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. खिंडीच्या तोंडाशी उभा असलेला आंधळा मेंढपाळ. आपण लांब असलो की तो हाक घालतो, आणि हाकेसरशी हाडांची मेंढरं अंधारातून धावून येतात. लोक व्हिडिओत म्हणतात, त्याच्या हातून कितीदा मेलो तरी आवाज ऐकून अंगावर काटा येतो.

माझ्याही आला.

दोन दिवाळ्यांपूर्वी तू माइक घेऊन आला होतास. तुझी आई गेल्यावर आबांनी तुला या घरात आणलं, दहावीपर्यंत तू इथंच होतास. त्यामुळं मामाचा आवाज जपून ठेवायचाय म्हणालास, तेव्हा कुणाला वेगळं काही वाटलं नाही. आबा तर खूश होते. तीन दिवस माळावर तू त्यांच्याकडून हाका घालून घेतल्यास. कळप वळवायची, पाण्यावर बोलवायची, चुकलेल्या कोकराची. "अजून एकदा मामा, जरा जोरात," असं तुझं चाललेलं. घसा बसलाय, हे तुलाही ऐकू येत होतं. आम्हाला वाटलं, ओरडून बसला असेल.

तू मुद्दाम काही केलंस असं मी म्हणत नाही. आबांच्या घशातली गाठ आधीपासूनच होती, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक आहे, त्यावर आई रोज धुतलेलं फडकं बांधते. ऑपरेशनच्या आधी मी तुला फोन केला होता. "काळजी घ्या," म्हणालास. ऑपरेशननंतर पुन्हा केला आणि ते रेकॉर्डिंग मागितलं. तू म्हणालास, "शिवा, ते आता कंपनीचं आहे. गेम बाहेर येऊ दे, मग बघतो." मी बरं म्हणाले. तू आला नाहीस, त्यालाही मी बरंच म्हणाले.

आबा उन्हाळ्यात एकदा कळपासमोर उभे राहिले. टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. मेंढ्या चरतच राहिल्या. त्यानंतर आठवडाभरात त्यांनी कळप विकायला लावला.

गेम मी पहिल्यांदा एका रविवारी दुपारी अंगणात लावला. आबा बाजेवर पडले होते, आई आत भाकरी थापत होती. मी घळीतून वर आले आणि हाक आली. आई पिठाच्या हातानं पळत बाहेर आली. "कुणाला हाक मारलीत हो? बोलाया आलं व्हय तुमास्नी?"

आबांनी नुसतं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. आई तिथंच उंबऱ्यावर बसली. तिचं तोंड मी तुला वर्णन करून सांगणार नाही.

पुढं रोज संध्याकाळी आबा चुटकी वाजवून मला बोलवायला लागले. मी हाकाऱ्यापासून लांब, मोडक्या खांबाआड उभी राहायचे. तो हाका घालायचा, आबा डोळे मिटून ऐकायचे, मेंढरं येऊन मला मारायची. मग मी घळ पुन्हा चालून यायचे. जिंकायचा मी प्रयत्नच करत नव्हते. आई चुलीपुढनं म्हणायची, "मघाची लावा की पुन्यांदा, ती पान्यावरची." असं बरेच दिवस चाललं. घरात बरं वाटायला लागलं होतं, रणदादा. खोटं कशाला लिहू.

मग एक दिवस आबांनीच खूण केली. मूठ आवळून खाली आपटली. मार त्याला.

"नको आबा," मी म्हणाले. "मेला की परत बोलायचा नाही तो."

त्यांनी पुन्हा तीच खूण केली. आपल्या आवाजाचं शेवटी काय होतं, ते त्यांना बघायचं असावं. मी मन लावून खेळले. पाच-सहा वेळा मेले, मग जमलं. हाकाऱ्या गुडघ्यावर आला, काठी सुटली, आणि त्याच्या तोंडून तो आवाज आला. आधी घशात काहीतरी फाटल्यासारखा, मग न थांबणारा खोकला, मग श्वास ओढल्याची शीळ.

आई म्हणाली, "ह्ये तर त्या दिसाचं हाय. म्या तांब्या घिऊन पळत आले हुते."

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी, माळावर. आबा खोकत खाली बसले होते आणि "पुरं कर रं रणा, पानी दे," म्हणाले होते. पाणी आईनं आणलं. तुझा माइक चालूच होता. पाण्याचं वाक्य तू कापलंस, खोकला ठेवलास.

तुझी मुलाखत मी बघितली. हाकाऱ्याचं मरण इतकं खरं कसं वाटतं, असं मुलाखत घेणाऱ्या पोरीनं विचारलं, तर तू हसून म्हणालास, "ते आमच्या साउंड टीमचं कौशल्य." गेमच्या शेवटच्या नामावळीत तुमच्या ऑफिसच्या मांजराचंसुद्धा नाव आहे. आबांचं, बब्रुवान हे नाव मी तीनदा शोधलं. 'स्थानिक ध्वनी, मराठवाडा' एवढंच सापडलं.

तो खोकला ऐकल्यावर आबा उठले आणि रिकाम्या कुंपणाकडं गेले. त्या दिवसापासून त्यांनी चुटकी वाजवलेली नाही. मी एकदा गेम पहिल्यापासून सुरू करून लॅपटॉप घेऊन बाजेशी गेले, तर त्यांनी हातानं झाकण बंद केलं. हळूच केलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा चांगलं-वाईट विचारलंस, त्याचं उत्तर असं. हाकाऱ्या हा तुझ्या गेममधला सगळ्यात चांगला भाग आहे. तो आमच्या घरातून नेलेला आहे. बाकी तरस, कॅमेरा, बारीक अक्षरं, ते तुम्ही दुरुस्त कराल.

मला दोन गोष्टी हव्यात. तो खोकला काढ. आणि तीन दिवसांचं सगळं रेकॉर्डिंग, न कापता, पाठव. कंपनीला विचार, भांड, चोरून आण, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. आबा ऐकतील की नाही, माहीत नाही. आई ऐकेल. तू नाही म्हणालास तर मी काहीच करू शकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून धमकी देत नाही.

तू ये, असंही लिहीत नाही.

पत्र लिहिते आहे, हे आईला माहीत आहे. "रणाला माजा आशीर्वाद लिव्ह, परक्या गावात ऱ्हातंय लेकरू," म्हणाली. तो लिहिला. आबांना मी विचारलं, तुमचा लिहू का. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

शिवांजली बब्रुवान