सुमनच्या आईचं खमीर

पिंपरी
१२ डिसेंबर १९५७

प्रिय सुमन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. सोपानरावांचं पत्र मिळालं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तुमच्या घरात बाईमाणूस नाही, तेव्हा ते बार्शीलाच करू, असं तुझ्या सासऱ्यांनी लिहिलंय. मोठ्या अदबीनं लिहिलंय, आणि त्यात चूक काढायला मला जागा नाही. तरी पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

रविवारी मी खमिराच्या पुऱ्या केल्या. हसू नकोस. आपण कोरेगावहून इथे आलो तेव्हा निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी शेजारणीनं तुझ्या आईला आंबवलेल्या पिठाचा, खमिराचा एवढासा गोळा दिला होता, तो तिनं कधी संपू दिला नाही. दर खेपेला फुगलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा बरणीत मागे ठेवायचा, त्याला पीठपाणी घालत राहायचं आणि पुढच्या पुऱ्यांचं पीठ त्यावरच फुगवायचं. कारखान्यात औषध आंबवायच्या टाक्यांची ऊब मी राखतो, म्हणून तिला शहाणपण शिकवायला जायचो. ती म्हणायची, तुम्हाला त्याचा पगार मिळतो, मला फुकट जमतं.

ती गेली त्या दिवशी आळीतल्या बायकांनी घर आवरलं. सुतकात घरातलं शिजवलेलं, भिजवलेलं सगळं टाकायची आपली रीत. कुणीतरी ती बरणीही मागच्या गटारात रिकामी केली. आंबूस वास येत होता, त्या बिचाऱ्यांना काय कल्पना? मी दारातून नुसता बघत राहिलो. त्या बरणीसाठी मी नंतर एकटाच रडलो, हे तुला कधी सांगितलं नाही.

परवा-परवापर्यंत मी धरून चाललो होतो की ते खमीर संपलं. मग पिंपळे सौदागरहून दूध घालायला येणारी गवराबाई एका सकाळी सहज म्हणाली, “वैनींचं खमीर हाय माझ्याकडं. तुमास्नी पायजे का?” आईनं तिला कधीतरी गोळा दिला होता, आणि तिनं तो जपला होता. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर तिनं तो वाटीतून आणून दिला.

पहिल्या खेपेला थंडीत पीठ फुगेना, म्हणून मी परात चुलीला खेटून ठेवली, तर एका बाजूनं पीठ शिजूनच गेलं. टाक्यांची ऊब राखणारा माणूस मी! नशीब, गोळा आधीच बाजूला काढला होता. रविवारी मात्र ओल्या फडक्याखाली परात उन्हात ठेवली. जाडसर लाटल्या. तेल फार तापलं, तर पहिल्या वरून काळ्या नि आत कच्च्या. जाळ कमी केला तेव्हा एक टम्म फुगली, आत छान जाळी पडलेली. चव तीच होती गं.

गवराबाईला चार दिल्या. तिनं खाल्ल्या, आणि बाळंतिणीला हे तळलेलं अजिबात द्यायचं नाही असं मलाच बजावलं. तू येणार हे ती धरूनच चालली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. सोपानरावांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय की हे तुझंच म्हणणं आहे. अप्पांची ओढाताण नको, असं तूच सासूबाईंना सांगितलंस. पोरी, तू मायेनंच म्हणालीस, हे मला कळतं. पण साहेबांकडून मी रजा मंजूर करून घेतली आहे, गवराबाई रात्री सोबतीला यायला तयार आहे, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना भेटून आलोय. बाळाला न्हाऊ कसं घालतात तेही शिकेन. तुझी आई गेल्यापासून या घरात माझी कुणासाठी ओढाताण होत नाही, आणि मला तेच सोसवत नाही. होऊ दे माझी ओढाताण. घरी ये.

तुझी वाट बघणारा तुझाच,
अप्पा