भुवईतली काडी

भाऊबीज, २००३. पोलादपूर

 रडणार नाही.

मुंबईत कॉलेजला असताना भुवई टोचून घेतली, त्यात बारीक दांडी घातली, रोज मिठाच्या पाण्याने शेकून जखम भरवली. घरी मात्र फोड आलाय म्हणून सांगितलं आणि वर पट्टी लावली. आज दादाला ओवाळताना घामाने पट्टी सुटली. त्याने पाटावरूनच माझे केस धरले आणि भुवईतली दांडी हिसकून काढली. "बाजारात बसायचंय काय गो तुला?" मी लावलेलं कुंकू त्याच्या कपाळावर, माझं रक्त त्याच्या बोटांवर. ते ताट मी त्याच्या तोंडावर का नाही हाणलं? का नाही?

आई म्हणाली, "बरं झालं, आता बुजेल ते." बुजेल? लहानपणी कानातलं हरवलं की भोक बुजू नये म्हणून हीच आई कडुलिंबाची काडी घालायची. आत्ता आरशासमोर तशीच काडी मी भुवईत खुपसली. कळ मस्तकात गेली. आईने दारातून बघितलं.

उद्या सकाळी दादाला चहा मीच नेणार. पट्टी न लावता.