रांगता अ

चि. संस्कृतीस,

उत्तरेश्वरमामाचे नांदूरघाटाहून अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल आणि ताईचे गुडघे कुरकुरत का होईना चालत असतील, असे धरून लिहितो. इकडे सर्व क्षेम. (हे वाक्य एरवी सवयीने लिहितो, या खेपेस खात्री करून लिहिले आहे.)

मंजूच्या लग्नपत्रिकेसाठी तू हाताने काढलेली अक्षरे पाठवलीस. जे ढळत नाही ते अक्षर, असे मी पंचवीस वर्षे संस्कृतच्या तासाला सांगत आलो. तू काढलेल्यांतले एकही जागेवर उभे राहत नाही. व ला फेटा, उ ला पोट, आणि अ तर गुडघे टेकून हात पुढे केलेला. छापखान्यातला भागवत खूश, मंजू खूश, म्हणून तिचा बाप या नात्याने मीही झालो. पाचशे पत्रिका वाटल्या.

पुण्यात राहून तू विसरली असशील, पण आपल्याकडे पत्रिकेत मुहूर्त कुणी वाचत नाही. आपले नाव कुठे आणि कुणाशेजारी, तेवढे पाहतात. म्हणून नवरदेवाचे चुलते अमरसिंह आणि मामा विजयसिंह (गेल्या निवडणुकीपासून दोघांत रामराम बंद) यांना मी एकाच ओळीत, एकाच मापात, अकारविल्हे बसवले. शास्त्रात चूक नव्हती. पण ओळीच्या एका टोकाला तुझा अ गुडघ्यांवर, आणि दुसऱ्या टोकाला व फेटा बांधून ताठ.

लग्नाला चार दिवस उरले असताना पाटोद्याहून वरपक्षाची जीप आली. अमरसिंहांनी चहाला हात लावला नाही. पत्रिका पुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, आमी इजयसिंगाच्या पाया कावून पडतोय?" मी अक्षरांच्या स्वभावाविषयी बोलू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले नाही. नवी पत्रिका पुन्हा घरोघर जाईल तेव्हाच वऱ्हाड निघेल, असे बजावले. 

सोबत त्यांच्या आई, दगडाबाई, नातसुनेची साडी पाहायला आल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. भांडण कशावरून ते कळेना, म्हणून त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली. "हे रांगतंय कोन?" मी म्हणालो, तुमच्या चिरंजीवांचे पहिले अक्षर.

"मंग बराबर हाय की. ह्यो असाच रांगायचा. बूड वर, हात फुडं, लाडवाच्या डब्याकडं."

आधी जीपचा ड्रायव्हर हसला. अमरसिंहांनी आईकडे पाहिले, पत्रिकेकडे पाहिले, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. जाताना दहा पत्रिका जास्तीच्या नेल्या. मांडवात स्वतःच त्या अ वर बोट ठेवून दाखवत होते. शेवटी विजयसिंहांनी मला बाजूला घेऊन विचारले, आमचेच अक्षर तेवढे असे खांबासारखे का?

लग्नाला आठवडा झाला. मंजू सुखात आहे, आणि मला कालपासून झोप लागते. तरी तुझी अक्षरे या घरात पुन्हा येणार नाहीत, हे निक्षून कळवतो.

तुझा
उत्तरेश्वरमामा

ता. क. : उ चे पोट जरा आत घे. मांडवात तिघांनी आधी पत्रिका पाहिली, मग मला.

आणखी ता. क. : पत्राचे कारण राहिलेच. मंजू सांगते, दगडाबाई रोज दुपारी त्या अ वरून बोट फिरवतात. आता त्यांना स्वतःच्या नावाचा द हवा आहे. पानभर मोठा काढून लगेच पाठव. रांगता नको म्हणाल्या, फेटेवाला हवा.