मशीन कोणाची

३ जाने., शनि.
दाढी करते मी. लिहून टाकलं एकदाचं. हनुवटीखाली, सकाळी, नळ सोडून. स्टी.च्या, म्हणजे आमच्या दाढीवाल्या नवऱ्याच्या, कडा कोरायच्या ब्लेडने. आज कापलं. उद्या चर्चमध्ये मिस्साला बायबलचं पहिलं वाचन माझं आणि हनुवटीवर हे भलं मोठं लाल. शाळेत शिकवणारी बाई मी, आणि चोरासारखी ब्लेड धुऊन जागेवर ठेवते. डॉक्टरीण म्हणते हार्मोन्स, बऱ्याच जणींना असतं. असेल. मला एकही भेटलेली नाही.

५ जाने., सोम.
थ्रेडिंगला मुद्दाम नायगावला जायचे, ओळखीचं कोणी नको म्हणून. आज तिथली नवी मुलगी म्हणते, टीचर, काल वाचन छान केलंत. संपलं ते पार्लर.
येताना स्टेशनबाहेर दाढीच्या मशीन बघितल्या. दुकानदाराने विचारलं, सरांची दाढी कशी आहे? म्हटलं मऊ आहे, पण कातडी नाजूक, लगेच पुरळ येतं. मग तीन गोल पात्यांची नको, जाळीवाली न्या म्हणाला, पातं थेट कातडीला लागत नाही. शेजारी गुलाबी लेडीज होत्या. तिकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. भारीतली परवडत नाही, अगदी स्वस्तातली केस ओढते म्हणे. मधली घेतली. सर खूश होतील म्हणाला. हो म्हटलं, काय बोलणार.

८ जाने., गुरु.
काय सुख आहे! जळजळ नाही, कापणं नाही, कोरडीच फिरवायची. खोक्यात घालून साड्यांच्या मागे ठेवते. ब्रशने साफ करायला सांगितलंय, ते घाईत राहतंच.

१४ जाने., बुध.
घात झाला. आई, म्हणजे सासूबाई, पिना शोधायला माझ्या कपाटात गेल्या. मी शाळेतून आले तर खोकं त्यांच्या मांडीवर आणि चेहरा फुललेला. धाकट्या दिराचं, डेनिसचं, शनिवारी लग्न. आदल्या दिवशी मांडवात नवरदेवाची दाढी करायची रीत. त्यांना वाटलं, मी त्यासाठीच आणली. मी हो म्हटलं. का म्हटलं? दुसरं काय सांगणार होते… खोकं त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. शेजारी सांगूनही आल्या, सुनेने दिराला काय आणलंय ते. मशीन साफ केलेली नाही.

१६ जाने., शुक्र.
मेले असते तर बरं झालं असतं.
मांडव भरलेला. न्हाव्याने साबण लावून वस्तरा नावाला फिरवला. आई म्हणाल्या, आता वहिनीची भेट. डेनिसने हौसेने खोकं उघडलं, जाळी उचकटून आत बघितलं.
"वहिनी, यात केस आहेत."
पांढऱ्या पंच्यावर पडले. बारीक, काळे. आईंचं तोंड एवढंसं झालं. मी खाली मान घालून उभी. तेवढ्यात मागून स्टी. म्हणाला, "माझे आहेत. मी वापरून बघितली."
मग काय, हसले सगळे. या जंगलात मशीन चालली तरी कशी, भावाला उष्टी वस्तू देतोस, चिकट कुठला. आई तर चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलल्या. तो हसत ऐकून घेत होता. आणि मी? मी पण हसले, सगळ्यांबरोबर. केसांची लाज वाटायची ती वाटलीच. या हसण्याची जास्त वाटतेय.

१८ जाने., रवि.
लग्न पार पडलं. डेनिसने मशीन परत केली. स्टी. काही विचारत नाही. विचारलं असतं तर निदान खोटं बोलून मोकळी झाले असते.
आज न्हाणीतून बाहेर आला आणि मी ओळखलंच नाही. दाढी साफ! आमच्या लग्नातही होती, मी त्याची हनुवटी कधी बघितलेलीच नाही. उजवीकडे भाजल्याचा वण, ओठाच्या कडेपासून खाली, कातडी ओढलेली. लहानपणी उकळतं तेल उडालं, एवढंच बोलला. आई म्हणाल्या, ही काय अवदसा आठवली तुला? तर म्हणतो, मशीन आपलीच आहे तर वापरतो. म्हणजे आता त्या केसांवरून माझ्यावर कोणी शंका घेणार नाही. माझ्यासाठी केलं हे. माझ्यासाठी, आणि मी समोर बसून पावाला लोणी लावत होते.

१९ जाने., सोम.
स्टी.ला वालीवला कंपनीत सगळ्यांनी वणाबद्दल विचारलं म्हणे. हसून सांगत होता, पण हात सारखा हनुवटीवर. तसा हात मी रोज ठेवते. वर्गात, मिस्सात, बाजारात.
संध्याकाळी त्याने मशीन आरशाखालच्या फळीवर ठेवली. साफ करून, चार्ज करून. म्हणाला, "इथेच राहू दे. दोघांना होईल."
आणि मी काय म्हणाले?
"मला कशाला?"
त्या वणाकडे बघत म्हणाले. तो 'बरं' म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे. चहा झालाय. नेऊन द्यायचा तर काहीतरी बोलावं लागेल, आणि आता खोटं चालणार नाही.