पट्ट्याचं माप

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं छापखान्यातल्या गमतीजमती, आणि मुद्द्याचं एकच वाक्य शेवटच्या पानाच्या कडेला, तेही आडवं लिहिलेलं. कागदाची रिमं उचलली की उजव्या जांघेत लिंबाएवढं काहीतरी वर येतं आणि आडवं पडलं की आत जातं, एवढं सांगायला लाज कसली? अंगातलीच जागा आहे, चोरीचा माल नाही.

याला हर्निया म्हणतात. माझी शाळा सातवीत सुटली, पण हाती येईल ते वाचत आलो, त्यावरून सांगतो. पोटाच्या भिंतीत जांघेपाशी एक नाजूक जागा असते. वजन उचलून, खोकून किंवा कुंथून तिथे जोर पडत राहिला की भिंत विरते आणि आतली चरबी नाहीतर आतडं बाहेर डोकावतं. तंबूचं कापड कडीपाशी विरलं की वारा भरून तिथेच फुगा येतो, तसंच समज.

सोबत एक पट्टा शिवून पाठवतोय. आधी उताणा पड, गाठ हलक्या हाताने आत जाऊ दे, मग बांध. गादीचा तुकडा जांघेच्या घडीच्या दोन बोटं वर बसला पाहिजे. बक्कल डावीकडे घेतलंय, नाहीतर वाकताना टोचतं. आतून मऊ फलालीन लावलंय, कारण नुसतं जाड कापड दुपारनंतर घामाने सोलून काढतं.

तुझ्या बायकोला, आमच्या मास्तरीणबाईंना, आशीर्वाद सांग. त्यांच्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात, तेव्हा उगाच त्यांच्या डोक्याला ताप देऊ नकोस. माया आहेच, ती दर पत्रात मागायला लागू नये.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

पट्टा अंगाला असा बसला की मी आरशासमोर दोनदा वळून पाहिलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, नवरदेव शोभतोस. आणि तू सांगितलं होतंस म्हणून त्यांच्या डोक्याला अजिबात ताप दिला नाही. त्यांनीच मला कानाला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी उभं करून तपासलं, खोकायला लावलं. हर्नियाच आहे. लहान आहे, दुखत नाही, तेव्हा घाई नाही. पण आपोआप कधी बरा होत नाही, आणि पट्ट्याने तर नाहीच. पट्टा वरून दाबून धरतो, आतलं भोक होतं तेवढंच राहतं. सवडीने ऑपरेशन करून घ्या म्हणाल्या.

मग त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, शिवण पाहिली. कोणी केला असं विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं की माझा दादा तंबू आणि ताडपत्र्या शिवतो, कुणी शिकवलं नाही, सगळं स्वतःचं स्वतः शिकला. त्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं की दादांना स्वतःला हर्निया किती वर्षांपासून आहे. नाही, त्याला कुठे, म्हणालो. त्या हसल्या. मग बक्कल वाकताना टोचतं आणि कापड दुपारनंतर सोलतं हे दादांना कुठल्या पुस्तकात मिळालं, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरीणबाई जिना उतरून खाली आल्यावर म्हणाल्या, मला हे पट्टा उघडला तेव्हाच दिसलं होतं, तुझं कधी डोक्यात येतं ते बघत होते.

दादा, किती वर्षं? मला खरं उत्तर हवंय, उपदेश नको. तू तपासून घेतल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख घेणार नाही. याला रुसवा म्हण नाहीतर धमकी. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, थोडे रागातच.

अकरा वर्षं. एक मोठा तंबू भिजून आला होता, तो एकट्याने ओढला. त्या दिवशी आत काहीतरी उसवल्यासारखं झालं. आता गाठ मुठीएवढी आहे. पूर्वी आडवं पडलं की लगेच आत जायची, हल्ली अर्धा अर्धा तास पडून राहावं लागतं. कारखान्यात कापड बेतायच्या लांब टेबलावर पडतो. कुणी आलं तर माप घेतोय असं दाखवतो.

तू म्हणशील लपवलं का. बाबा गेले तेव्हा तू दुसरीत होतास. त्या दिवसापासून मला दिवसाउजेडी आडवं पडलेलं कुणी पाहिलं नाही, आणि ते तसंच राहावं असं वाटत गेलं. दुसरं म्हणजे भीती. एकदा ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं की उठू की नाही कोण जाणे. इतरांना धीर देताना मला शब्द कमी पडत नाहीत. स्वतःची पाळी आली की बोबडी वळते.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीला सांगायला बसलो. तिने ऐकूनही घेतलं नाही. मी अकरा वर्षं न्हाणीघरात काय बांधतो हे तिला कळत नसेल असं वाटलं का, म्हणाली. मी आपणहून सांगेन म्हणून वाट पाहत राहिली, हीच तिची चूक, असंही म्हणाली. मग उठून आत गेली.

तरी माझं ऐक. तू तरुण आहेस, तू आधी करून घे. माझं पुढे बघू.

तुझा,
दादा

४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

पुढे बघायचं नाही. तुझं पत्र घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. अर्धा तास गाठ आत जात नाही हे वाचून त्यांचा चेहराच बदलला. आतडं भोकात अडकून आवळलं गेलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गाठ कडक झाली, दुखायला लागली, लाल-काळी दिसली, उलट्या झाल्या, तर तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना गाठायचा. तसं झाल्यावर घाईत करण्यापेक्षा आता शांतपणे करणं कितीतरी सोपं.

मी वहिनीलाही वेगळं पत्र टाकलंय. तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात ती नाव घालून येईल. मी रजा घेतली आहे, एकवीस तारखेला पोचतो. तुला विचारत नाही, कळवतोय.

बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होतो, आता माझ्या डोक्याला टक्कल पडलंय. आता तू दुपारी खुशाल झोप.

तुझा,
धाकटा

१४ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टाके सुकले. सूज उतरली, निळेपणा पिवळा होऊन गेला. रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो. जड उचलायला अजून काही आठवडे बंदी आहे आणि तुझी वहिनी पाण्याची कळशीसुद्धा दिसू देत नाही.

सर्जनसाहेबांशी झालेलं बोलणं तुला नीट सांगायचं राहिलं. पूर्वी म्हणे भोकाच्या दोन्ही कडा ओढून शिवत. मी म्हटलं, विरलेल्या कापडाच्या कडा ताणून शिवल्या तर टाक्याशेजारीच पुन्हा फाटणार. ते म्हणाले, तसंच व्हायचं पुष्कळदा, म्हणून आता बारीक जाळी आतून लावतात, ताण न देता, आणि काही महिन्यांत मांस तिच्यातून वाढून ती भिंतीचाच भाग होते. हे ऐकलं आणि भीती निम्मी गेली. कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे जागाच होतो. कैच्यांचा आवाज येत होता. हात शिवशिवत होते.

घरी सोडलं तेव्हाचं आठवून हसू येतं. पिशवी एक, आणि उचलायची बंदी असलेले आपण दोघं तिच्या दोन्ही बाजूंना उभे. शेवटी तुझी वहिनी पिशवी उचलून रिक्षात जाऊन बसली, आणि येणार असाल तर या म्हणाली.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नाही. भरतीच्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेला होतास. कागदावर पेशंटची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. तुझ्या शाळेच्या दाखल्यापासून आईच्या शेवटच्या आजारापर्यंत त्या जागी माझंच नाव लिहीत आलो. हात सवयीने तेच लिहायला गेला आणि थांबला. खिडकीतल्या बाईंना वाटलं मला लिहिता येत नाही. त्यांनी कागद ओढून घेतला. मी तुझं नाव सांगितलं. नातं विचारलं, भाऊ म्हणालो. थोरला की धाकटा, असं विचारलं. थोरला, म्हणालो, आणि तुझ्या नावापुढे तेच लिहिलं गेलं.

तू वर आलास तेव्हा त्या तुझ्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने का बघत होत्या, ते तू विचारलंस आणि मी काही नाही म्हणालो. तर ते हे.

तुझी तारीख पंचवीस आहे, मी तेवीसला पोचतो. कागद मी येईपर्यंत भरू नकोस. तुझ्या कागदावर नातं आहे तसंच लिहायचं.

तुझा,
थोरला