दोन ओळींची माफी

७ जुलै, सोमवार

काव्याने घोळ घातला, असं सगळे म्हणतायत. मी म्हणते, गृहपाठ केला!

संगणकाच्या तासाला मी नववीला सांगितलं होतं – घरच्या फोनवर आलेला एक मेसेज निवडा आणि तो खरा की खोटा, शोधून काढा. काव्याने आईच्या फोनवरचा निवडला, समाजाच्या ग्रुपवर आलेला. ‘एकवीस दिवस हा काढा घ्या, मधुमेह पळवा, साखरेच्या गोळ्या कायमच्या बंद करा.’ खाली पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांचा फोटो. पोरीने फोटो नेटवर शोधला. हेच डॉक्टर परदेशातल्या टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दाखवतायत! तिने ग्रुपवरच उत्तर टाकलं : ‘अण्णा, हे डॉक्टर नाहीत. कुणीही गोळ्या बंद करू नका.’ सोबत दोन्ही फोटो.

अण्णा म्हणजे मेसेज टाकणारे अण्णाराव. आमच्या संस्थेचे विश्वस्त. काव्याचे वडील त्यांच्याच टॉवेलच्या दुकानात कामाला. ग्रुपवर दोनशे चाळीस माणसं.

८ जुलै

मुख्याध्यापक कमलाकर सरांनी बोलावलं. “मॅडम, तुम्ही एक्सेल शिकवा. पोरांना पोलीस कशाला करताय?”

अट अशी – संस्थेच्या सोमवारच्या बैठकीआधी काव्याने ग्रुपवर माफी मागायची. नाहीतर माझा संगणकाचा तास काढून घेणार.

“मेसेज खोटा आहे हे तुम्हाला पटतं ना, सर?”

“पटायचा प्रश्न नाही. ते मोठे आहेत.”

पटतं, म्हणजे!

९ जुलै

माफी नाही.

१० जुलै

मधल्या सुट्टीत काव्याचे वडील, महेश्वर, फाटकाशी उभे होते. आत यायला तयार नाहीत.

“मॅडम, दोन ओळी हायत की. लिहून टाकू दे. मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय.”

“काव्या काय म्हणते?”

“ती म्हणती, मॅडम म्हणल्या तरच लिहिते.”

हट्ट माझा आणि धग त्यांच्या घराला! आधी अण्णारावांना एकटं गाठून सांगायला हवं होतं का? पण खोटं दोनशे चाळीस जणांनी वाचलं, मग खरं एकट्याच्या कानात का? तरी – ग्रुपवर कसं बोलायचं, बोलल्यावर काय होतं, हे मी शिकवलं नव्हतं. शोधायला शिकवलं आणि पोरीला एकटीला पुढे सोडलं. ही चूक माझी. काव्याची एकही नाही.

११ जुलै

आज तासाला काव्या उभी राहिली. “मॅडम, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेली मोहोळची मुलगी... अनोळखी माणसाला पत्ता दिला आणि बेपत्ता झाली, ती. मी लई शोधलं. कुठंच नाही सापडली.”

ती गोष्ट मला स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितली होती. तीन वर्षं मी ती प्रत्येक वर्गाला सांगतेय. ‘माझ्या ओळखीच्यांची मुलगी’ हे तर मी पदरचं घातलं – पोरं घाबरावीत म्हणून!

कान गरम झाले. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : मोहोळची गोष्ट मी न तपासता सांगितली.

मागच्या बाकावरून आवाज – “मॅडम, तुम्ही पण फॉरवर्ड केलं की!”

वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिराने.

१४ जुलै, सोमवार

बैठक. अण्णाराव आवाज चढवत नाहीत, हेच अवघड. “मॅडम, तुमीच पोरांना खोट्या गोष्टी सांगता म्हणे. फळ्यावर कबूल केलं म्हणे.”

“हो. कळलं तेव्हा त्याच वर्गासमोर सांगितलं. तुम्ही ग्रुपवर कधी सांगताय?”

कमलाकर सर पंख्याकडे बघायला लागले.

“पोरगी माफी मागणार का न्हाय?”

“गृहपाठ मी दिला. जाब मला विचारा. आणि मी माफी मागत नाही.”

तास गेला. उद्यापासून सहावीचा कार्यानुभव. काव्याचा विषय संपला आणि महेश्वरच्या कामाला धक्का लागणार नाही, असं इतिवृत्तात लिहा म्हटलं. सर लिहायला तयार नव्हते. मी खुर्चीतून उठले नाही. शेवटी लिहिलं. मी दोनदा वाचलं, मग सही केली.

१५ जुलै

सहावीला कागदी पाकिटं करायला शिकवली. डिंक बोटांना अजून चिकटलाय.

कालचं सगळं काव्यासाठी, की थोडं माझ्या तोऱ्यासाठीही? थोडं तोऱ्यासाठीही. असू दे! उद्या परत तशीच वेळ आली तर परत तशीच बसेन.

१७ जुलै

दुपारी अनोळखी नंबर. बाईचा दबका आवाज.

“मी पार्वतम्मा. अण्णारावांच्या घरातनं. साखर मला हाय की, मॅडम. काढा ह्यांनी माझ्यासाठीच आणला. नऊ दिवस गोळ्या बंद होत्या, डोळ्यापुढं अंधारी यायची. त्या पोरीचं वाचलं आन् गुपचूप चालू केल्या. काढा मोरीत ओतते. ह्यांना कळू देऊ नका बरं का.”

त्यांच्याच घरी गोळ्या बंद झाल्या होत्या, एवढं एक वाक्य संस्थेत सांगितलं तर तास उद्या परत मिळेल.

“नाही सांगणार,” म्हटलं.

काव्यालासुद्धा नाही.